बाकावरून उतरणाऱ्यांचीही नावं छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या क्रीडापानावर हल्ली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, बातम्या नेमाने येतात. शालेय आणि क्लब बास्केटबॉललाही अधूनमधून अर्धा कॉलम मिळतो, त्याचं कौतुकच आहे. तक्रार एकच. सामना अमेरिकेतला असो की नागपाड्यातला, बातमी एका साच्यात येते: कोण जिंकलं, किती गुणांनी, आणि सर्वाधिक गुण करणाऱ्या दोघा-तिघांची नावं. बाकीचे जणू पाणी द्यायला आले होते.

मी मुंबईतल्या स्पर्धांमध्ये टेबलावर बसतो, म्हणजे स्कोअरशीट लिहितो. त्या कागदावर प्रत्येक संघाची बारा नावं असतात. सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांपुढे फुली आणि फुलीभोवती गोल. नंतर जो उतरेल त्याच्यापुढे नुसती फुली. जो उतरलाच नाही त्याची ओळ कोरी. बदली खेळाडूने स्वतः टेबलापाशी येऊन सांगायचं, असा नियम आहे. तो अंगावरचा टी-शर्ट डोक्यातून काढतच येतो, छातीपुढे हातांची फुली करून खूण करतो आणि शेजारच्या खुर्चीवर बसतो. खेळ थांबून घड्याळ बंद होईपर्यंत आम्हाला हॉर्न वाजवता येत नाही. कधी कधी खेळ थांबतच नाही. फाउल नाही, चेंडू बाहेर नाही, बास्केट पडली तरी घड्याळ चालू. मुलगा बुटाच्या नाड्या पुन्हा आवळतो, घड्याळाकडे बघतो, कोचकडे बघतो. तेवढ्यात क्वार्टर संपतो, कोचचा बेत बदलतो आणि स्वारी परत बाकावर. मागच्या पायरीवरून एखादे बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, “एवढी फी भरतोय आणि हा नुसता बेंच गरम करतोय!”

त्या बाबांनी हा हिशोब जरूर करून पाहावा. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा. कोर्टवर एका संघाचे पाच जण, म्हणजे 240 ‘खेळाडू-मिनिटं’ भरून काढायची. पहिल्या पाचांनी प्रत्येकी 34 मिनिटं ओढली तरी 170 होतात. उरलेली 70 कुणाची? मोसमात असे 82 सामने असतात. बाकावर माणसं नसतील तर मोठे खेळाडू प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, पोहोचेपर्यंत मोडून पडतील.

शिवाय या माणसाचं काम गुण करणं नसतंच अनेकदा. सरावात त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करावी लागते. त्यांचा स्टार जसा डावीकडून घुसतो तसं घुसायचं आणि आपल्याच सहकाऱ्यांना त्याची सवय करून द्यायची. एकाच्या नव्हे, दोन-तीन जागांच्या चाली पाठ ठेवायच्या. उंच बदली खेळाडूकडे कोच कधी कधी फक्त त्याचे फाउल मागतो, म्हणजे मुख्य सेंटरचे, बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूचे, फाउल वाचतील आणि तो बाद होणार नाही. यातलं काहीही गुणांच्या रकान्यात दिसत नाही.

शिकागोच्या बाकावरचा स्टीव्ह कर म्हटलं की सगळ्यांना 1997चा अंतिम सामना आठवतो. मायकेल जॉर्डनने पास दिला आणि करने युटाच्या संघाविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत बास्केट केली. मला त्याची 2003ची रात्र जास्त मोलाची वाटते. तेव्हा तो 37 वर्षांचा होता, सॅन अँटोनिओ संघाच्या बाकावर, आणि त्या प्लेऑफमध्ये त्याला जेमतेम काही मिनिटं मिळाली होती. डॅलसमध्ये मालिकेतला सहावा सामना, संघ पिछाडीवर आणि नेहमी खेळणारा टोनी पार्कर आजारी. कर उतरला. चार थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे शॉट, टाकले, चारही आत. सामना फिरला, पुढे विजेतेपदही आलं. कित्येक आठवडे बसून राहिलेल्या माणसाचा हात पहिल्याच शॉटला कापत नाही, हे कसब रोज रिकाम्या जिममध्ये एकट्याने घासल्याशिवाय येत नाही. आता पुढच्या पिढीला तो गोल्डन स्टेटचा यशस्वी प्रशिक्षक म्हणूनच ठाऊक आहे.

अर्थात कर नशीबवान म्हणायचा. खालच्या पायरीवरचं आयुष्य फार कच्चं असतं. एनबीएत दहा दिवसांचा करार असतो. अकराव्या दिवशी पुढचं काय ते संघ ठरवणार. कॅनडात वाढलेला, पंजाबी आईवडिलांचा मुलगा सिम भुल्लर 2015 साली अशाच करारावर सॅक्रामेंटो संघाकडून खेळला. एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. पहिल्या सामन्यात त्याच्या वाट्याला 16 सेकंदं आली, एकूण सामने तीन. त्याच वर्षी पंजाबच्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसच्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 52व्या क्रमांकावर निवडलं तेव्हा आपल्याकडे केवढे मथळे झाले! एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही, दुय्यम लीगमध्येच तो खेळत राहिला. तेव्हा मथळा द्यायला कुणी आलं नाही. त्याच दुय्यम लीगमध्ये दहा मोसम काढलेला, फावल्या वेळात मुलांना गणित शिकवणारा आंद्रे इन्ग्राम एप्रिल 2018 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडून पहिल्यांदा उतरला आणि त्याने ह्यूस्टनविरुद्ध 19 गुण केले.

ऑक्टोबर 2019 मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले, हे मुंबईकरांना आठवत असेलच. पहिला सामना सुमारे तीन हजार शाळकरी पोरांनी पाहिला आणि तो जादा वेळेत 132-131 असा संपला. ते मोसमपूर्व सामने होते. मोठ्या नावांसाठी अंग मोकळं करण्याची संधी, पण अशा सामन्यांत बाकाच्या टोकाला बसलेल्यांची नोकरी पणाला लागलेली असते. त्यानंतर संघाला खेळाडू कमी करून 15 वर यायचं असतं. आपल्याकडे चर्चा झाली ती सेल्फी आणि पाहुण्यांची.

मुंबईतही चित्र फार वेगळं नाही, फक्त पैसा कमी. नागपाड्याने अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कारविजेता कर्णधार देशाला दिला. त्याच गल्ल्यांतली, माटुंग्यातली, घाटकोपरची मुलं आजही रेल्वे, कस्टम्स वा एखाद्या सरकारी कंपनीत खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळेल या आशेने संध्याकाळी कोर्टवर येतात. तिथे संघात आठवा-नववा असणं म्हणजे कुचकामी असणं नव्हे. घरच्यांना मात्र ते पटवून देता येत नाही, कारण दाखवायला पेपरातलं कात्रण नसतं. बाराचा संघ असूनही आठव्या मुलाला घरचेच क्लब सोडायला लावतात, मग कोच सहा-सात जणांवर स्पर्धा रेटतात आणि उपांत्य फेरीत पोरांच्या पोटऱ्या धरतात. हे टेबलावरून मी नेहमी बघतो. सचिन-विनोदच्या 664 धावांच्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेल्या अमोल मुझुमदारची गोष्ट आपण सगळेच आजवर प्रेमाने सांगत आलो. ते प्रेम क्रिकेटपुरतंच का, कळत नाही.

म्हणून एक साधी सूचना. स्थानिक स्पर्धेच्या बातमीखाली बारीक टाइपात का होईना, कोर्टवर उतरलेल्या सगळ्यांची नावं द्यावीत. एका संघाची आठ-नऊ, फार तर बारा. दोन ओळींचं काम आहे. सामना संपल्यावर स्कोअरशीट टेबलावरच असते. आपल्या वार्ताहराने मोबाइलवर तिचा फोटो काढून घेतला तरी पुरे. फुल्या कशा वाचायच्या ते आमच्यापैकी कुणीही सांगेल.

आपला,
एक टेबल ऑफिशियल,
माझगाव, मुंबई