पोझ उचलली, उजेड राहून गेला

महोदय,

दसरा चौकातून जाताना साडीच्या जाहिरातीचा एक मोठा फलक दिसतो. तरुणीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. सावळाराम हळदणकरांचे १९४५-४६ मधले म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील जलरंगचित्र कुणालाही आठवावे. (पुष्कळ जण ते आजही राजा रविवर्म्याचे समजतात, तो भाग वेगळा.) त्या चित्रासाठी उभी राहिलेली हळदणकरांची कन्या पुढे आपल्या कोल्हापुरातच राहिली, म्हणून फलक जरा जास्तच निरखून पाहिला.

मी साड्या-दागिन्यांचे फोटो काढून पोट भरतो, तेव्हा चित्रावरून फोटो बेतण्याला माझी हरकत असायचे कारण नाही. १९११ साली पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर पॉल प्वारेच्या गाऊनचे फोटो काढणारा एडवर्ड स्टायकेन मुळात चित्रकारही होता. गालावर उजेडाचा जो त्रिकोण पाडतो, त्याला आम्ही फोटोवाले डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने रेम्ब्रांट लाइटच म्हणतो.

पण या फलकावर फक्त पोझ उचलली आहे. हळदणकरांच्या चित्रात उजेड एकाच ठिकाणाहून येतो, दिव्यातून. म्हणून बोटांच्या कडा तांबूस पेटतात, चेहरा खालून उजळतो आणि मागे काळोख राहतो. इथे दोन्ही बाजूंनी सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारे कापडी पेटीतले दिवे, मारलेत. बोटे पांढरीफटक, आणि हाताची सावली चक्क दिव्याच्याच दिशेला! ज्योत मागाहून कॉम्प्युटरवर चिकटवलेली दिसते. खरे तर तळहाताआड एक बारका पिवळा बल्ब लपवायचा, बाकीचे दिवे बंद करायचे, कॅमेरा स्टँडवर लावून मुलीला क्षणभर स्तब्ध उभे करायचे. खर्च उलट कमी. पण काठपदर ठळक दिसलाच पाहिजे, हा दुकानदाराचा हट्ट असतो. त्याचाही माल विकायचा असतो म्हणा.

नवीन पोरे शूटिंगआधी मोबाइलवर तासन्‌तास दुसऱ्यांचे फोटो चाळतात. त्यातला एखादा तास टाउन हॉल संग्रहालयात कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांसमोर काढावा. तिथे मॉडेल नाही, साडी नाही, त्यामुळे उजेडाकडेच लक्ष जाते. त्यांनी रंगवलेल्या कोटितीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड ज्याला कळला, त्याला रेशमावरचाही कळेल.

आणि फलकाच्या कोपऱ्यात हळदणकरांचे नाव घालायला काय हरकत होती? दुकानाचा फोन नंबर तीन ठिकाणी छापला आहे.

— एक छायाचित्रकार, राजारामपुरी, कोल्हापूर