सूचना : निसर्गदृश्याच्या गालिच्यासाठी लोकर रंगवण्यापूर्वी

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, निसर्गदृश्याच्या गालिच्यासाठी लागणारे लोकरीचे कापड पुढील बैठकीत एकत्र रंगवायचे असल्याने, प्रत्येकाने ते आदल्या रात्रीच द्रव साबणाचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्यात भिजत घालावे. नीट न भिजलेल्या कापडात रंग आतपर्यंत मुरत नाही आणि गालिच्यासाठी त्याच्या पट्ट्या कापल्या की मधली पांढरी रेघ उघडी पडते.

रंग लोकरीसाठीचा, म्हणजे ॲसिड प्रकारचाच (व्हिनेगरसारख्या आम्लाने बसणारा) आणावा. पाणी ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवावे, व्हिनेगर घातल्यावर सुमारे ३० मिनिटे त्याच तापमानाला ठेवावे आणि भांड्यातले पाणी नितळ दिसू लागले की रंग बसला असे समजावे. गरम कापड थेट गार पाण्यात टाकल्यास ते आटून नमद्यासारखे घट्ट होते. ते भांड्यातच निवू द्यावे.

आकाशासाठीचे कापड भांड्यात दाटीवाटीने, चुरगळून ठेवावे आणि फारसे ढवळू नये, कारण त्यातून उतरणारी फिकी-गडद छटाच ढगांना शोभते. (एकसारखा सपाट निळा, माझ्या मते, भिंतीलाच बरा.) दूरच्या डोंगरांच्या हिरव्यात किंचित तांबडा मिसळून तो मंद करावा.

रंगाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत व भुकटी कालवताना मास्क लावावा.