छपाईचा हिशेब अजून हजारीतच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्यापारी छपाईच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ घालवलेला मुद्रक म्हणून हे पत्र लिहीत आहे. कागदविरहित कारभारावर काही लिहून आले की त्यात छापखान्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो आणि हा व्यवसाय आता थोड्या दिवसांचा सोबती आहे, असा त्या वाक्याचा सूर असतो. या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. उरलेल्या अर्ध्या चुकीच्या भागावर विसंबून छपाई करवून घेणाऱ्या संस्था, मुद्रणाचे शिक्षण देणारे वर्ग आणि आम्ही मुद्रक स्वतः जे निर्णय घेत आहोत, त्यांची मला काळजी वाटते.

कागद जाणार हे भाकीत तसे जुने आहे. १९७५ साली ‘बिझनेस वीक’ या अमेरिकी नियतकालिकाने भावी कार्यालयाविषयी लेख छापला होता. वीस वर्षांनी आपल्या टेबलावर पडदा आणि कळफलक असेल, कागदपत्रे त्या पडद्यावर मागवता येतील आणि छापील प्रत किती लागेल हे सांगता येत नाही, असे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनी त्यात म्हटले होते. पडद्याबद्दलचा त्यांचा अंदाज खरा ठरला. कागदाचा वापर मात्र पुढची पंचवीसेक वर्षे वाढतच गेला आणि त्याला हातभार लागला तो त्याच केंद्रात विकसित झालेल्या लेझर छपाईचा, कारण हे तंत्र १९८०च्या दशकात टेबलावर मावेल इतके लहान झाले आणि ज्याला त्याला हवे ते छापून घेता येऊ लागले.

त्यानंतर आलेली उतरण मात्र खरी आहे आणि ती नाकारणारा मुद्रक स्वतःलाच फसवतो. लिहिण्या-छापण्याच्या कागदाची मागणी अनेक देशांत घटली आहे. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ने २४४ वर्षांनंतर २०१२ मध्ये छापील आवृत्ती थांबवली. आयकिया या फर्निचर कंपनीच्या कॅटलॉगच्या २०१६ मध्ये ३२ भाषांत मिळून सुमारे २० कोटी प्रती निघाल्या होत्या; चारच वर्षांनी, २०२० मध्ये, तो बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या गेल्या, कार्बनच्या पावतीपुस्तकांचे काम आटले, बँकांची खातेपत्रके गेली. जे शोधायचे असते, जे रोज बदलते आणि जे एकदा पाहून टाकून द्यायचे असते, ते पडद्यावर गेले आणि ते तिथेच शोभते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

उरले ते काम वेगळ्या जातीचे आहे. औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रिका घ्या. चाळीस-पन्नास जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन असलेल्या), हाताला जेमतेम लागेल अशा कागदावर ती बारीक टाइपात दोन्ही बाजूंनी छापायची, मागची छपाई पुढे दिसू द्यायची नाही आणि आठ-दहा घड्यांनंतरही ती खोक्यात सरळ बसली पाहिजे. मात्रेच्या आकड्यातला दशांशबिंदू छपाईत उडाला, तर ०.५ चे ०५ होते. त्या खोक्यावर युरोपीय संघात औषधाचे नाव ब्रेल लिपीत उठवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते ठिपके बोटाला नीट लागतील इतके उंच, पण पुठ्ठा फुटणार नाही इतके बेताचे उठवावे लागतात. पुठ्ठ्यातल्या तंतूंनाही दिशा असते. ती न पाहता क्रीझ (घडीसाठी दाबून केलेली रेघ) मारली, तर घडीवर पुठ्ठा तडकतो, शाई उडते आणि भरणीच्या यंत्रावर खोकी अडकून सगळी रांग थांबते. खोकी, लेबले, पाठ्यपुस्तके, सुरक्षा-छपाई या कामांत कागद किंवा पुठ्ठा हा मजकुराचे नुसते वाहन नसतो, त्याला स्वतःला काम करायचे असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कामाची जात बदलली, त्याबरोबर त्याचे प्रमाणही बदलले. ज्या ग्राहकाचे वर्षातून एकदा पन्नास हजारांचे काम येत असे, तोच आता वर्षातून वीस वेळा तीनशे-चारशेचे काम आणतो आणि दर वेळी मजकूर थोडा निराळा असतो. आमचा दर मात्र अजूनही ‘दर हजारी’, म्हणजे हजार प्रतींमागे, सांगितला जातो. ग्राहक तसाच विचारतो, निविदांत तोच रकाना असतो आणि सवयीने आम्हीही तेच सांगतो.

हजारीचा हा हिशेब का चुकतो, हे यंत्रापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चार रंगांच्या ऑफसेट छपाईयंत्रावर काम चढवायचे म्हणजे दर रंगाची एक अशा चार प्लेटा (छापायचा मजकूर उमटवलेले धातूचे पत्रे) बसवायच्या, पाणी आणि शाई यांचा मेळ जमवायचा, निघालेला कागद टेबलावर पसरून रंग एकमेकांवर नेमके बसले की नाही हे दाखवणाऱ्या कडेच्या फुलीच्या खुणा भिंगाखाली पाहायच्या. निळ्यावर किरमिजी केसभर सरकला असेल, तर तो जागेवर आणायचा, मग रंगपट्टीवर प्रत्येक शाईची घनता मोजायची आणि पुन्हा कागद सोडायचा. या सगळ्यात जुन्या यंत्रावर दोनशे-तीनशे कागद सहज वाया जात. नव्या यंत्रांनी ही संख्या बरीच खाली आणली आहे, पण शून्यावर नाही. हा खटाटोप तीनशे प्रतींना लागतो तेवढाच तीस हजारांना लागतो. तीस हजारांत तो विरून जातो, तीनशेत तो प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर बसतो. तरीही बिलात ‘सेटिंग’ असा वेगळा आकार लावला की ग्राहकाच्या कपाळाला आठी पडते.

१९९३ मध्ये इंडिगो आणि झीकॉन या कंपन्यांची प्लेटविना छापणारी रंगीत डिजिटल यंत्रे आली, तेव्हा लहान संख्येचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. प्लेटचा खर्च वाचला हे खरे, आणि प्रत्येक प्रत वेगळी छापता येऊ लागली, ही तर मोठीच सोय झाली. पण फाइल तपासणे, रंग जुळवणे, कागद निवडणे, कटिंग, घडी आणि बाइंडिंग ही कामे कुठेच गेली नाहीत. उलट वीस वेगळ्या फाइली म्हणजे वीस वेळा चूक होण्याची शक्यता. ही तपासणी हजारी दरात कुठेच बसत नाही, म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते आणि अनुभवी माणसाच्या जागी स्वस्तातला नवखा येतो. एवढ्या वर्षांत जे छापखाने बंद पडताना मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांकडे काम होते. ते हजारीच्या दराने घेऊन त्यांचे दिवाळे निघाले.

पर्यावरणाबद्दलही थोडे लिहितो, कारण ‘झाडे वाचवा’ हे कारण फार सैलपणे दिले जाते. आमच्या एका जुन्या ग्राहक संस्थेने १२० पानांचा वार्षिक अहवाल छापणे पर्यावरणाच्या नावाखाली थांबवले आणि सभासदांना फाइल पाठवली. पुढच्याच महिन्यात तिच्या तीन विभागांकडून त्याच अहवालाचे प्रिंटआउट बाइंडिंगसाठी आमच्याकडे आले, तेही एका बाजूने काढलेले. ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो. दोन्ही बाजूंनी छापलेला अहवाल ३०० ग्रॅमचा झाला असता, तो आता ६०० ग्रॅमचा झाला होता. कागद निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तो बनवायला पाणी आणि ऊर्जा भरपूर लागते आणि त्याचा तंतू पाच-सात वेळांपलीकडे पुन्हा वापरता येत नाही. पण पडद्यालाही वजन असते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातल्या केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. खर्च वाचवण्यासाठी छपाई थांबवली असेल, तर संस्थांनी तसेच सांगावे. ते कारण आम्हाला समजते आणि त्यावर काही मार्गही काढता येतो.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. छपाईच्या निविदा काढणाऱ्यांनी दर हजारीचा एकुलता रकाना काढून प्लेट व सेटिंग, फाइल तपासणी, छपाई आणि बाइंडिंग यांचे दर वेगवेगळे मागवावेत. मग लहान कामाची खरी किंमत दोन्ही बाजूंना दिसेल आणि गरजेपेक्षा जास्त छापून गोदामात सडवण्याचा मोहही कमी होईल. दुसरी विनंती मुद्रणाचे शिक्षण देणाऱ्यांना. यंत्र चालवायला शिकवण्यापुरते थांबू नका. रंग मोजणे, खोक्याची रचना करणे, बदलत्या मजकुराच्या फाइली हाताळणे हेही शिकवा, कारण उद्याचे काम त्यातच आहे.

आमच्या ऑफसेटवर पंचवीस वर्षे असलेले यंत्रचालक पुढल्या वर्षी निवृत्त होत आहेत. यंत्राच्या आवाजावरून ब्लँकेट (शाई कागदावर उतरवणारे रबरी आवरण) सैल झाल्याचे त्यांना कळते. हे शिकायला वर्षभर तरी त्यांच्या हाताखाली उभे राहावे लागते. गेल्या सहा महिन्यांत चार मुले येऊन गेली आणि चौघांनीही पगाराच्या आधी एकच विचारले, की हा धंदा किती वर्षे टिकेल. वरचे सगळे मी त्यांनाही सांगितले. त्यांतला एक येत्या सोमवारपासून कामावर येतो आहे.

आपला विश्वासू,
एक मुद्रक