चांदीपुरा : डासांचे उपाय वाळूमाशीला चालत नाहीत

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर मुलांच्या मेंदूज्वराच्या बातम्या आल्या की गावोगाव तोच कार्यक्रम सुरू होतो : कोरडा दिवस, गप्पी मासे, धूरफवारणी. डेंग्यूसाठी ठीक आहे. पण १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला मेंदूज्वराचा चांदीपुरा विषाणू वाळूमाशी पसरवते, आणि ती पाण्यात वाढतच नाही. शेणकचरा मिसळलेल्या ओलसर मातीत तिची अंडी, दिवसा मुक्काम भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत. आकार जेमतेम २-३ मिलिमीटर, त्यामुळे साध्या मच्छरदाणीतूनही ती आत शिरते.

वाळूमाशी लांब उडत नाही, उड्या मारत फिरते. म्हणून काम घरात आणि घराभोवतीच करायचे : भेगा लिंपायच्या, उकिरडा भिंतीपासून हलवायचा, मग आतल्या भिंतींवर ६ फुटांपर्यंत कीटकनाशक फवारायचे. क्रम उलटला की सगळे वाया. फवारणीनंतर भिंत सारवली तर औषध सारवणाखाली गाडले जाते. फवारणीची तारीख गावाला आधी कळवणे एवढे साधे काम आहे, तेही होत नाही.

आजाराचा वेग भयंकर आहे. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. बरीचशी पहिल्या २४ तासांत. तापात मूल बरळू लागले, ओळखेनासे झाले, उठवूनही पुन्हा गुंगीत जाऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. झटका आल्यास कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नये.

५ मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांनी इंजेक्शनसाठी शीर सापडेपर्यंत खोळंबण्याचे कारण नाही. मिडॅझोलाम हे झटका थांबवणारे औषध वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम नाकात देता येते. रक्तातली साखर लगेच तपासावी, कारण ती उतरली तरी मूल असेच बेशुद्ध होते आणि ग्लुकोजने सावरते. झटके चालू असताना, ऑक्सिजनविना मोठ्या रुग्णालयाकडे धाडलेले मूल वाटेतच हातचे जाते. चांदीपुरावर औषध नाही, हर्पिस या दुसऱ्या विषाणूच्या मेंदूज्वरावर मात्र आहे, ॲसायक्लोव्हिर. म्हणून पुण्याच्या विषाणू संस्थेचा अहवाल येईपर्यंत ते रोखून धरू नये.

नाकात द्यायचे मिडॅझोलाम आणि साखर तपासायच्या पट्ट्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनपूर्वी पोहोचाव्यात, एवढीच मागणी.

– एक वाचक