पुरवणीतला लेख वाचला, पण पुस्तक कोणी वाचलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गे स्पोर्ट्स रोमान्स, म्हणजे खेळाडू पुरुषांच्या आपसातल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर लेख आलाय तो वाचून हे लिहितोय. लेखकाने त्यातलं एक तरी पुस्तक उघडलंय असं काही वाटत नाही बुवा, कारण विषय आहे आइस हॉकीचा आणि साहेब सुरुवातच करतात मेजर ध्यानचंदांपासून. अहो ती हॉकी वेगळी! ही बर्फावरची, बुटाला पाती लावून खेळतात, बॉलच्या जागी रबराची चकती, गोलकीपर धरून सहा जण आणि वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. मला तरी कुठे माहीत होतं, मुलीच्या किंडलवर वाचलं म्हणून कळलं (आधी देतच नव्हती, बाबा तुम्हाला झेपणार नाही म्हणे).

ही आजकालच्या पोरींची नवी फॅशन आहे हे पण चूक. पॅट्रिशिया नेल वॉरन यांची 'द फ्रंट रनर' 1974 मध्ये आली, धावपटू आणि त्याच्या कोचच्या प्रेमाची, आणि अमेरिकेत बेस्टसेलर झाली. म्हणजे पन्नास वर्षं होऊन गेली की.

पण मला जास्त टोचलं ते "याचा खेळाशी काही संबंध नाही" हे वाक्य. मी नव्वद सालापासून सात-आठ वर्षं मातीवरची कबड्डी खेळलोय, कोपरा सांभाळायचो, म्हणजे चढाईला आलेल्याला पकडायचं काम. चवडा धरायचा, पट काढायचा, जिंकलो की सातही जण एकमेकांच्या अंगावर, मग एकाच नळाखाली आंघोळ, कुणाला काही वाटायचं नाही. आणि कपडे बदलायच्या खोलीत दिवसभर ज्या शिव्या चालायच्या त्या मात्र सगळ्या बायल्या नाहीतर त्याच प्रकारच्या. आमच्यात एक चढाईपटू होता, तिघांच्या मिठीतून निसटून मध्यरेषेला बोट टेकवायचा असा पोरगा. एकदा त्याच्या पिशवीत त्याने एका मुलाला लिहिलेलं ग्रीटिंग कार्ड कोणाला तरी सापडलं आणि ते मॅचच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं गेलं. तो मॅच खेळला, पॉइंटही काढले, नंतर घोट्याची क्रेप बँडेज सोडली, नीट गुंडाळली, पिशवीत टाकली आणि सायकल काढून गेला तो परत ग्राउंडवर आलाच नाही. हसणाऱ्यांत मी पण होतो. तेव्हा तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम होतं, सुप्रीम कोर्टाने त्यातून दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले ते 2018 च्या सप्टेंबरमध्ये, त्यामुळे तक्रार करणार कोणाकडे.

मी वाचलेल्या कादंबरीत हिरो ड्रेसिंग रूममधल्या असल्याच जोकवर सगळ्यांबरोबर हसतो, फक्त थोडा उशिरा हसतो. तिथे मी किंडल बाजूला ठेवलं. याला खेळाशी संबंध नाही म्हणायचं?

आता पुस्तक फार भारी आहे असंही नाही. ग्राउंडवर खुन्नस आणि हॉटेलच्या रूमवर प्रेम हा ठरलेला फॉर्म्युला, शेवट गोड व्हायलाच पाहिजे नाहीतर रोमान्सवाले वाचक चिडतात. फायनल मॅच दीड पानात उरकलीय आणि बेडरूम पन्नास पानं चालते, हे मला खेळाडू म्हणून पटलं नाही (मुलगी म्हणते, बाबा लोक त्यासाठीच वाचतात). पण ती लपवाछपवी खोटी नाहीये. इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस आपण गे आहोत हे 2011 मध्ये उघड बोलला. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या टीमशी करार असलेला पहिला खेळाडू बोलला, ल्यूक प्रोकॉप, तो थेट 2021 मध्ये. आपल्याकडे धावपटू द्युती चंदने 2019 मध्ये आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं सांगितलं तर घरातूनच विरोध झाला. आणि पुरुषांच्या कबड्डीतलं, क्रिकेटमधलं एक तरी नाव आठवतंय का तुम्हाला? आमच्या त्या पोराला कसं जमणार होतं मग.

तर विनंती एवढीच की अशा पुस्तकांचं परीक्षण एकदा तुमच्या क्रीडा पानावरच्या माणसाला करायला द्या. आणि कोणाला मराठीत कबड्डीवर अशी कादंबरी लिहायची असेल तर खेळातलं काय बरोबर काय चूक ते मी फुकट तपासून देतो, फक्त कोपऱ्यातल्या माणसाला चढाईला पाठवू नका.

आपला,
एक जुना कबड्डीवाला
कसबा पेठ, पुणे