पेट्रोलच्या हिशेबातला रविवार

कन्नमवार नगर, विक्रोळी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला महिन्याच्या खर्चाचा तक्ता मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून वाचला. फोनच करणार होते, पण माझा फोन तू नेहमी गाडीत घेतोस, बाजूने डंपर हॉर्न मारत असतो आणि तुझं नुसतं 'हं, हं' चालतं. लिहिलेलं निदान एकदा तरी पूर्ण वाचशील.

तक्ता व्यवस्थित झालाय. पेट्रोल महिन्याला अकरा हजारांच्या पुढे जातंय, कुठेतरी काट मारायला हवी, हेही पटलं. पण मारलीस कुठे? 'आईकडे, दर रविवारी' हे खोडून 'एक रविवार सोडून'. सूनबाईचं डोंबिवलीचं माहेर, 'महिन्यातून एकदा'. छकुलीचा पोहण्याचा क्लास, 'बंद?' असं प्रश्नचिन्ह घालून. आणि तू रोज एकटा गाडी काढून अंधेरीला जातोस, तो खर्च 'अत्यावश्यक' या रकान्यात, त्याला धक्काही नाही. अरे, जेवढे किलोमीटर वाचवलेस ते सगळे दुसऱ्यांचे!

रागावले नाहीये. थोडं हसूच आलं. तुझाच हिशेब तुला सांगते. कासारवडवलीहून अंधेरीच्या एमआयडीसीपर्यंत जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. घोडबंदर रोडच्या कोंडीत गाडी लिटरला बारा देते, असं तूच म्हणतोस. म्हणजे दिवसाला पाच लिटर. लिटर शंभर रुपयांच्या थोडा पुढे धरला तरी रोजचे पाचशेच्या वर, आणि महिन्यात असे बावीस दिवस. आता रविवारी मोकळ्या रस्त्याने माझ्याकडे येऊन परत जायला किती लागतं? फार तर तीनेकशे रुपये. दोन रविवार वाचवून सहाशे मिळाले. अकरा हजारांतले सहाशे.

आणि मुलुंडच्या टोलचं काय झालं? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत शिरणाऱ्या हलक्या गाड्यांचा टोल बंद झाला, तेव्हा 'आई, एका खेपेचे ४५ रुपये सुटले' म्हणून किती खूश होतास. ते सुटलेले पैसे या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत. जाणाऱ्या पैशाला आपण रकाना देतो, राहिलेला कुठे विरघळतो ते कळत नाही.

तू खाली टीप टाकलीस, 'जगात तेल महाग झालं की इथे होणारच, इलाज नाही.' हे अर्धंच खरं. आपलं कच्चं तेल शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतं, ते बरोबर. पण २०२० चा एप्रिल आठव. टाळेबंदीत सगळ्या जगाचे रस्ते ओस, अमेरिकेत तर २० एप्रिलला कच्च्या तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढे माल घ्यायच्या सौद्याचा, भाव शून्याच्याही खाली गेला. आपल्याकडे आली का स्वस्ताई? मार्चमध्येच केंद्राने उत्पादन शुल्क तीन रुपयांनी वाढवलं होतं, मे महिन्यात पेट्रोलवर आणखी दहा आणि डिझेलवर तेरा. उतरलेला भाव पंपापर्यंत पोचलाच नाही. वर राज्याचा व्हॅट टक्क्यांत, म्हणजे मूळ किंमत चढली की करही आपोआप चढतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, ते का नाही हे तुला मी सांगायला नको. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली.

आणखी एक गंमत. जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलायचा अशी पद्धत आली. तो रोज बदलणारा भाव नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने जागचा हलला नाही. मधे पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत दहा रुपये वाढले, मुंबईत १२० रुपये ५१ पैसे झाले. मग केंद्राने मे महिन्यात आठ रुपये शुल्क कमी केलं, राज्याने जुलैत व्हॅट पाच रुपयांनी उतरवला, आणि लोक म्हणायला लागले, स्वस्त झालं! तुझे बाबा या विषयावर सुरू झाले की चहा गार होतो, म्हणून मी इथेच थांबते.

पंपावरचं पेट्रोल निदान डोळ्यांना दिसतं. माझ्या पोळीभाजी केंद्रात इंधन दिसत नाही, ते भाजीत मिसळून येतं. तुला वाटतं माझी डोकेदुखी गॅसची. गॅस महाग आहेच. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मे २०२२ मध्ये २३०० च्या वर गेला होता, ते दिवस मी विसरले नाही. घरचा १४.२ किलोचा मार्च २०२३ मध्ये ११०२ रुपये ५० पैसे, मग आधी दोनशे आणि नंतर शंभर उतरला, एप्रिल २०२५ मध्ये परत पन्नास चढून ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. पण धंद्याच्या सिलिंडरचा भाव बहुतेक एक तारखेला बदलतो. कळतं, मांडता येतं, महिनाभर त्यावर काम करता येतं. डाळ रात्री भिजत घालायची, कुकर एकावर एक लावायचे, तवा एकदा तापला की सगळ्या पोळ्या उरकायच्या.

खरा त्रास त्या कोबीचा. नाशिककडून कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात, तिथून टेम्पोने इथे. टेम्पोवाला डिझेल वाढलं की भाडं वाढवतो आणि डिझेल उतरलं की टायर महागले म्हणतो. एकदा चढलेलं भाडं खाली आलेलं मी अजून पाहिलं नाही. कोळीण तर उघड सांगते, बोट जेवढी लांब जाईल तेवढं डिझेल जळतं, जाळ्यात काही लागो न लागो. म्हणजे बोंबलाच्या वाट्यात डिझेल आलंच. पावाचंही आता सुरू झालंय. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धूर कमी होणार हे चांगलंच, पण भट्टी बदलायचा खर्च शेवटी पावाच्या लादीवरच येणार. या सगळ्याला तुझ्या तक्त्यात एकच शब्द आहे, 'किराणा'.

रिक्षाचं तर मी डोळ्यांनी बघितलं. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, किलोचा भाव साठ रुपये झाला. ऑगस्ट लागता लागता तो ८६ वर. मीटरचं किमान भाडं २१ चं २३ मात्र झालं ऑक्टोबरमध्ये. मधले महिने रिक्षावाल्यांनी कसे काढले असतील? आपल्याकडे रात्री डबा न्यायला यायचा तो एकजण, पंपावर तास-दीड तास रांग लावून यायचा, तेव्हा भाजी बंद करून नुसत्या पोळ्या न्यायला लागला. 'भाजी घरी करतो' म्हणायचा. एकट्या माणसाच्या खोलीत कसली भाजी होते ते मला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मीटर २६ झालं तेव्हा रिक्षाला नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी दोनदा भांडले.

मग त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. आपल्याकडे पोळ्या लाटायला येतात त्या मावशी पार्कसाइटहून बसने यायच्या. त्या दिवसापासून चालत येतात. गुडघा दुखतो तरी. मी येण्याजाण्याचे पैसे वेगळे द्यायला सुरुवात केली. घेतात, पदराला बांधतात, आणि चालतच येतात. नातवाच्या वह्यांना लागतात म्हणे.

हे सगळं तुला का लिहितेय? महागाई सगळ्यांना सारखी लागते असं पेपरात येतं. घरात तसं होत नाही. तुझी आजी अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताई गोरे यांच्या महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात गेली होती, ते तू शंभरदा ऐकलंयस. आता न ऐकलेलं सांगते. १९७३ च्या ऑक्टोबरात तिकडे अरब-इस्रायल युद्ध झालं, काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट, आणि इकडे लालबागला आमच्या चाळीत रॉकेलची रांग. मी तेव्हा एवढीशी, डबा धरून उभी राहायचे. रॉकेल पुरवायचं म्हणून स्टोव्ह सकाळी एकदाच पेटायचा. आजोबांना गिरणीत न्यायला गरम डबा, आम्हा पोरांना गरम भात, आणि ती स्वतः दुपारी गार आमटी-भात खायची. हिवाळ्यातसुद्धा. कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि कुणी तिला विचारलंही नाही. मोर्चात ती सरकारला जाब विचारून आली, घरात कुणाला नाही.

तेव्हा तुझा तक्ता बघून सूनबाई 'चालेल' म्हणाली असेल, त्या 'चालेल'वर जाऊ नकोस. तिच्या आईला आता जिना उतरवत नाही. ती माहेरी जाते ती चहा प्यायला नाही, महिन्याच्या गोळ्या डब्यांत भरून द्यायला आणि बँकेचं बघायला. तो खर्च 'फिरणे' या रकान्यात टाकलास, हे मला आवडलं नाही. आधी तो तिथून काढ.

अंधेरीचं मला कळतं. बस, मग ठाण्याहून लोकल, घाटकोपरला मेट्रो, आणि पुढे पुन्हा रिक्षा. पावसात चार ठिकाणी चढउतार करून ऑफिसात पोचल्यावर माणूस काय काम करणार! कासारवडवलीची मेट्रो पूर्ण होईल तेव्हा होईल. रोज गाडी सोड असं मी म्हणतच नाही. पण तुझ्याच कॉम्प्लेक्समधला, पलीकडच्या इमारतीतला तो मुलगा तुझ्याच बाजूला कामाला जातो ना? सूनबाईच म्हणाली होती. एक आठवडा तुझी गाडी, एक आठवडा त्याची. 'ट्यूनिंग जमत नाही' म्हणू नकोस, लग्न जमवत नाहीये. गाणी कुणाची लावायची एवढंच ठरवायचंय. यातच ऑफिसचं महिन्याचं पेट्रोल निम्म्यावर येतं, आणि पोहण्याच्या क्लासपुढचं प्रश्नचिन्ह पुसता येतं.

आणि माझ्या रविवारचं म्हणशील, तर रोज संध्याकाळी जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, संपवून हायवेला लागतोस, तिथून आपलं घर दहा मिनिटांवर आहे. ठाण्याकडचा रस्ता त्या वेळी तुंबलेलाच असतो. एखाद्या गुरुवारी इकडे वळ, जेव, गर्दी ओसरली की जा. त्याला पेट्रोल किती लागतं ते तूच काढ. रविवारी मग छकुलीला घेऊन आलात तर उत्तम, नाही जमलं तर मी लोकलने ठाण्याला येईन, ज्येष्ठ नागरिक व्हायला अजून अवकाश आहे. मात्र ठाणे स्टेशनपासून कासारवडवलीपर्यंत न्यायला ये, त्या बसच्या रांगेत मी उभी राहणार नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, असं शेवटी विचारलंयस. आहे त्या गाडीचे हप्ते फिटू देत. पेट्रोल वाचवायला नवं कर्ज काढायचं, हा हिशेब मला तरी लागत नाही.

आता माझं एक काम. केंद्राचं दरपत्रक नवीन छापून आण. दहाची पोळी बाराला करतेय. बाबा म्हणतात भाव तोच ठेव, भाजीचा वाटा थोडा लहान कर, कुणाला कळणार नाही. मला कळेल. वाढलेला भाव गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगता येतो, लहान केलेला वाटा सांगता येत नाही. भाजीचा भाव यावेळी तोच ठेवते, कोबी-बटाट्याच्या ऐवजी आठवड्यातून दोन दिवस झुणका आणि एक दिवस मटकीची उसळ घालणार आहे. म्हणजे त्या दिवसांपुरता तरी टेम्पोवाला माझ्या डोक्यावर बसणार नाही. अक्षरं मोठी घे, आपली निम्मी गिऱ्हाइकं चष्मा घरी विसरून येतात. गुरुवारी येताना घेऊनच ये. अळूवड्या करून ठेवते, सूनबाईसाठी डबाही भरून देईन.

तुझी
आई

ता. क. : पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडीचं अॅव्हरेज पडलं म्हणतोस. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे थोडं पडणारच. पण बाबा म्हणतात, आधी टायरची हवा बघ, आणि दिवाळीपासून डिकीत फिरतंय ते टाइल्सचं खोकं बाहेर काढ.