क्षयरोग, ड जीवनसत्त्व आणि जनुके : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

क्षयरुग्णांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सरसकट द्याव्यात, अशी मागणी अधूनमधून होते आणि जनुकचाचणीवरून प्रतिकारशक्ती सांगण्याचा दावाही केला जातो. या दोन्हींमागे शास्त्राचा आधार किती, हे धोरण ठरवताना तपासले जावे, यासाठी हे पत्र.

ड जीवनसत्त्व यकृतात व नंतर मूत्रपिंडात बदलून सक्रिय होते, हे सर्वज्ञात आहे. परंतु हा शेवटचा बदल जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींतही होतो आणि त्यातूनच कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार होते, असे २००६ मध्ये दाखवण्यात आले. रक्तातून पुरवठा अपुरा पडला की हे काम अडते. हा पुरवठा ऊन आणि आहार यांवर तर अवलंबून असतोच, शिवाय ड जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारे प्रथिन आणि यकृतातील विकर (एन्झाइम) यांच्या जनुकांतील फरकांचाही त्यावर परिणाम होतो. ड जीवनसत्त्व पेशीत ज्याला चिकटून काम करते, त्या ग्राही प्रथिनाच्या (व्हीडीआर) जनुकातील फरक ही पुढची पायरी.

पश्चिम लंडनमधील गुजराती समाजाचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला येथे सर्वांत बोलका वाटतो. त्यात ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेचा क्षयाशी ठळक संबंध आढळला आणि ग्राहीच्या जनुकातील फरकाचे वजन मुख्यतः त्या कमतरतेच्या जोडीनेच दिसले. म्हणजे नुसता जनुक पाहून कोणाचा धोका सांगता येत नाही, आणि चाचण्या विकणारे नेमके हेच सांगत नाहीत.

उपचारांचे निष्कर्ष आणखी सावध करणारे आहेत. लंडनमध्येच १४६ रुग्णांवरील, २०११ च्या चाचणीत एकंदर लाभ सिद्ध झाला नाही. केवळ ग्राहीच्या जनुकाचा ‘टीटी’ हा प्रकार असलेल्या मोजक्या रुग्णांत थुंकी लवकर जंतुमुक्त झाली. भारतातील २४७ रुग्णांवरील चाचणीतही एकंदर लाभ दिसला नाही. मंगोलियात तर ८,८५१ शाळकरी मुलांना हे जीवनसत्त्व देऊनही क्षयसंसर्ग कमी झाला नाही (२०२०). याउलट झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

म्हणून विनंती अशी की, क्षयरुग्णांना पोषणासाठी दिल्या जाणाऱ्या निक्षय पोषण योजनेचा पैसा गोळ्यांकडे न वळवता तो अन्नासाठीच राहू द्यावा आणि त्याची रक्कम रुग्णाच्या हाती वेळेवर पडेल याची खात्री करावी. जनुकचाचणीच्या आधारे संसर्गाचा धोका सांगणाऱ्या जाहिरातींना पुराव्याची अट घालावी. तसेच चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेमार्फत एक पुरेशी मोठी चाचणी हाती घ्यावी, जिच्यात रुग्णांचे जनुकप्रकार आणि ड जीवनसत्त्वाची पातळी आरंभीच नोंदलेली असेल. कारण ‘टीटी’ रुग्णांतील तो फरक खरा होता की योगायोग, हे लहान चाचण्यांच्या बेरजेतून ठरणार नाही.

कळावे,
आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक शिक्षक